मेन्यूतील एक ओळ

संगणकाच्या पडद्यावर एखादी मोठी आज्ञावली उघडली, म्हणजे वरच्या कडेला शब्दांची एक आडवी रांग दिसते : ‘फाइल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’, ‘टूल्स’, ‘हेल्प’. त्यांतील एका शब्दावर टिचकी मारली की त्याखाली आज्ञांची यादी उलगडते. हाच मेन्यू. वापरणाऱ्याला ही यादी एकसंध दिसते; एकाच माणसाने एका बैठकीत ती लिहून काढली असावी, असे त्याला वाटते. मॉड्यूलबद्ध आज्ञावलीच्या बाबतीत, म्हणजे स्वतंत्र घटकांच्या जुळणीतून उभ्या राहिलेल्या आज्ञावलीच्या बाबतीत, ही समजूत खरी नसते. यादीतील लागोपाठच्या दोन ओळी वेगवेगळ्या देशांतील, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी लिहिलेल्या असू शकतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही एक ओळच आहे. ती यादीत येते कशी, ती घालण्याचा अधिकार कोणाला असतो आणि त्या अधिकाराबरोबर कोणती जबाबदारी येते, याचा येथे विचार करावयाचा आहे. उदाहरणे जावा भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्यांची घेतली आहेत. कारण या प्रश्नाचा विचार तेथे फार काळ आणि फार बारकाईने झालेला आहे.

प्रथम जुनी रीत पाहू. जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1995 साली प्रसिद्ध केली. तिच्यातील ‘स्विंग’ या साधनसंचाच्या साहाय्याने मेन्यू बनविणे अवघड नाही. एक पट्टी तयार करावयाची, तिच्यावर शीर्षके बसवावयाची, प्रत्येक शीर्षकाखाली ओळी घालावयाच्या आणि ओळीवर टिचकी पडली असता काय घडावे हे सांगावयाचे. हे सर्व सामान्यतः मूळ आज्ञावलीतच एके ठिकाणी लिहिलेले असते. लेखक एकटा आणि आज्ञावली लहान असेल तोवर यात काहीच वावगे नाही. परंतु ती आज्ञावली दूरवरच्या एखाद्या संशोधकाच्या हाती पडते आणि त्याला तीत नसलेली एक आज्ञा हवी असते. अशा वेळी त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. पहिला, मूळ लेखकाला विनंती करून वाट पाहत बसण्याचा. दुसरा, मूळ मजकुराची प्रत घेऊन तीत स्वतः बदल करण्याचा. पहिल्या मार्गात काम अडून राहते. दुसऱ्यात काम होते, पण आज्ञावलीला फाटा फुटतो. मूळ आज्ञावलीतील पुढील सुधारणा त्या प्रतीला आपोआप मिळत नाहीत आणि प्रतीतील सुधारणा मूळ आज्ञावलीपर्यंत पोहोचत नाही.

या कोंडीतून काढलेली एक अतिशय साधी वाट अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निर्माण झाली. तेथील वेन रासबँड यांनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या व इतर वैज्ञानिक चित्रांच्या मोजमापासाठी ‘इमेज-जे’ ही आज्ञावली जावा भाषेत लिहिण्यास 1997 मध्ये प्रारंभ केला. तिच्यासोबत ‘प्लगइन्स’ नावाचे एक फोल्डर असते. कोणीही आपला छोटा कार्यक्रम लिहावा, त्याच्या नावात एक अधोरेषा घालावी आणि तो त्या फोल्डरमध्ये ठेवावा. आज्ञावली सुरू होताना ते फोल्डर चाळते, अधोरेषा असलेली नावे वेचते आणि ‘प्लगइन्स’ या मेन्यूत त्यांच्या ओळी घालते. अधोरेषेच्या जागी कोरी जागा दिसते, एवढाच फरक. अनेक कार्यक्रम एका गठ्ठ्यात द्यावयाचे असल्यास सोबत एक लहानशी मजकूर-फाइल द्यावी लागते. तिच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात : कोणता मेन्यू, कोणते नाव आणि कोणता कार्यक्रम.

ही युक्ती किरकोळ वाटेल. पण तिच्यात पुढच्या सर्व रचनांचे बीज आहे. येथे नवागताने मूळ आज्ञावलीला हात लावलेला नाही. त्याने केवळ एक निवेदन दिले आहे : ‘मी येथे आहे, माझे नाव हे, मला अमुक ठिकाणी जागा द्यावी.’ ओळ प्रत्यक्ष घालण्याचे काम यजमान आज्ञावलीने केले. निवेदन पाहुण्याचे आणि कृती यजमानाची, ही विभागणी लक्षात ठेवावयास हवी.

हीच कल्पना प्रागमध्ये विस्ताराने आकारास आली. चार्ल्स विद्यापीठाच्या गणित व भौतिकी विद्याशाखेतील विद्यार्थ्यांनी 1996 साली ‘झेल्फी’ नावाचा एक प्रकल्प हाती घेतला होता. जावा भाषेत काम करणाऱ्यांसाठी जावातच लिहिलेले एक साधन तयार करावे, हा त्यांचा हेतू. पुढे त्यातूनच ‘नेटबीन्स’ हे नाव व त्याच नावाची कंपनी उदयास आली. ती सन मायक्रोसिस्टिम्सने 1999 मध्ये विकत घेतली आणि 2000 साली नेटबीन्सचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. सन कंपनी 2010 मध्ये ओरॅकलकडे गेली. 2016 मध्ये नेटबीन्स अपाचे प्रतिष्ठानाच्या छत्राखाली आले आणि 2019 मध्ये त्याला तेथे पूर्ण प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मालकी इतक्या वेळा बदलली, तरी ज्या आराखड्यावर ते उभे आहे तो टिकून राहिला. या आराखड्यालाच ‘नेटबीन्स प्लॅटफॉर्म’ म्हणतात. मूळ साधनाशी काहीही संबंध नसलेल्या अनेक आज्ञावल्या त्यावर उभारण्यात आल्या आहेत.

या आराखड्यात मेन्यू कसा घडतो, हे समजून घेण्यास ग्रंथालयातील तालिकेच्या कपाटाचा दृष्टांत उपयोगी पडेल. कपाटातील खणांत पत्रे लावलेली असतात. पत्र म्हणजे ग्रंथ नव्हे. ग्रंथ कोठे आहे हे सांगणारी ती केवळ खूण असते. एकाच ग्रंथाची पत्रे लेखकाच्या खणात आणि विषयाच्या खणातही असू शकतात. ग्रंथ मात्र फडताळात एकच असतो.

नेटबीन्समध्ये प्रत्येक मॉड्यूल आपल्यासोबत अशी पत्रे घेऊन येते. एका एक्सएमएल फाइलीत फोल्डरे व नोंदी यांचे एक लहानसे झाड लिहिलेले असते. आज्ञावली सुरू होताना सर्व मॉड्यूलांची ही झाडे एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तशी ठेवली जातात आणि त्यांतून एकच मोठे झाड दिसू लागते. या संयुक्त झाडात ‘मेन्यू’ नावाचे एक फोल्डर असते. त्याच्या पोटात ‘फाइल’, ‘टूल्स’ इत्यादी फोल्डरे असतात आणि त्यांच्या पोटात आज्ञांच्या नोंदी. पडद्यावरील मेन्यू म्हणजे या फोल्डराचे दृश्य रूप होय. ‘क्रिया’ नावाचे दुसरे एक फोल्डर असते. आज्ञेची मूळ नोंद तेथे एकदाच होते. मेन्यूत, साधनपट्टीवर किंवा कळफलकावरील संक्षिप्त कळांच्या यादीत तिच्याकडे बोट दाखविणाऱ्या छाया-नोंदी असतात. ग्रंथ एक आणि पत्रे अनेक, हीच ती व्यवस्था.

एखादी नवी ओळ घालावयाची झाल्यास मॉड्यूलाच्या लेखकाने पुढील गोष्टी सांगावयाच्या असतात : आज्ञेची एकमेवाद्वितीय ओळख, वापरणाऱ्याला दिसणारे नाव, काम करणाऱ्या वर्गाचे नाव, मेन्यूतील फोल्डर आणि त्या फोल्डरातील स्थान. पूर्वी या सर्व नोंदी हाताने लिहाव्या लागत. पुढे जावातील टिपणचिन्हांची सोय झाली. लेखक आपल्या वर्गाच्या माथ्यावर ही माहिती लिहितो आणि नोंदींचे झाड संकलनाच्या वेळी आपोआप तयार होते. त्यामुळे वर्गाचे नाव बदलले पण नोंद जुनीच राहिली, अशी नेहमीची चूक टळते.

स्थान सांगण्याची पद्धत विशेष लक्षणीय आहे. प्रत्येक नोंदीला एक अंक असतो आणि अंकांच्या चढत्या क्रमाने ओळी लागतात. जाणते लेखक 1, 2, 3 असे अंक देत नाहीत. 100, 200, 300 असे देतात. पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाला 150 वर बसता यावे, म्हणून मधली जागा मोकळी ठेवलेली असते. दोन मॉड्यूलांनी एकच अंक घेतला तर आज्ञावली तशी सूचना नोंदवते. कारण मग त्या दोघांतील क्रमाची हमी देता येत नाही.

‘एक्लिप्स’ या आज्ञावलीने हाच प्रश्न थोड्या निराळ्या रीतीने सोडविला. आयबीएम कंपनीने तिचा मूळ मजकूर 2001 साली खुला केला. 2004 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. तेथे प्रत्येक घटकासोबत एक्सएमएलमध्ये लिहिलेले निवेदनपत्र असते. यजमान घटक ‘येथे भर घालता येईल’ अशी ठिकाणे जाहीर करतो आणि पाहुणा घटक त्या ठिकाणाचे नाव घेऊन आपली भर घालतो. मेन्यूतील जागा येथे अंकाने नव्हे, तर नावाने सांगितली जाते. यजमान आपल्या मेन्यूत पाहुण्यांसाठी नाव असलेली एक रिकामी जागा राखून ठेवतो. एका रचनेत अंकांमध्ये अंतर सोडले जाते, दुसरीत नावाची जागा राखली जाते. पुढे कोण येणार हे माहीत नसतानाही त्याच्यासाठी सोय करून ठेवणे, हे दोन्हींतील समान सूत्र आहे.

आता निवेदन आणि कृती यांच्या विभागणीकडे परत वळू. नवागताला स्वतःची ओळ स्वतः घालू दिली तर काय बिघडते? मोठ्या आज्ञावलीत शेकडो मॉड्यूले असतात. प्रत्येकाने आरंभीच आपला कार्यक्रम चालवून ओळ घालावयाचे ठरविले, तर वापरणाऱ्याला पहिली खिडकी दिसण्यापूर्वी दीर्घकाळ वाट पाहावी लागेल. आणि त्यांतील बहुतेक आज्ञांना तर तो त्या दिवशी स्पर्शही करणार नसतो. म्हणून मेन्यू रेखाटताना केवळ निवेदने वाचली जातात. काम करणारा वर्ग स्मृतीत आणला जातो तो ओळीवर पहिल्यांदा टिचकी पडल्यानंतर. वाचकाने मागणी केल्याशिवाय ग्रंथपाल फडताळातून ग्रंथ काढीत नाही, तसेच हे आहे. याचा आणखी एक लाभ असा, की एखाद्या मॉड्यूलाच्या वर्गात दोष असला तरी तो टिचकीनंतर प्रकट होतो. आज्ञावलीच्या आरंभालाच तो आडवा येत नाही.

एरिक गामा व केंट बेक यांनी 2003 साली एक्लिप्समध्ये भर कशी घालावी याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी पाहुण्यांसाठी व यजमानांसाठी काही नियम सांगितले आहेत. गरज पडेपर्यंत कोणाचाही कार्यक्रम स्मृतीत आणू नये, हा त्यांपैकी एक. दुसरा नियम अधिक मूलगामी आहे : सर्वांना एकच नियम लागू, आज्ञावलीच्या निर्मात्यांनाही. एक्लिप्समधील जावाची साधने ही स्वतःच भर घातलेले घटक आहेत. नेटबीन्समधील मूळ मेन्यूंच्या ओळीही मॉड्यूलांच्या निवेदनांतूनच आलेल्या आहेत. निर्माता स्वतःसाठी मागचे दार ठेवीत नाही, तेव्हाच पुढचे दार नीट बांधले जाते. कारण त्या दारातील प्रत्येक अडचण त्यालाही सोसावी लागते.

मेन्यूतील ओळ केवळ दिसून भागत नाही. ती केव्हा चालावी हेही ठरावे लागते. ‘जतन करा’ ही आज्ञा काही बदल झालेला नसताना फिकट दिसते. ती ओळ मजकूर ओळखत नाही, चित्र ओळखत नाही आणि नकाशाही ओळखत नाही. मग तिला हे कळते कसे? नेटबीन्समध्ये सध्या निवडलेल्या वस्तूला एक प्रश्न विचारला जातो : तुला जतन करण्याची क्षमता आहे काय? ती वस्तू होय म्हणाली तर ओळ जागी होते. त्यामुळे वस्तू एका मॉड्यूलाची आणि आज्ञा दुसऱ्याची असली तरी दोघांचे जमते. त्यांना एकमेकांची नव्हे, फक्त त्या प्रश्नाची ओळख असावी लागते.

एवढ्या सगळ्या खटाटोपाचे फलित काय, हे पाहण्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘स्नॅप’ या आज्ञावलीचे उदाहरण घेता येईल. सेंटिनेल उपग्रहांनी पाठविलेल्या प्रतिमांच्या अभ्यासासाठी ती तयार करण्यात आली आणि ती नेटबीन्स प्लॅटफॉर्मवर उभी आहे. त्याआधी प्रकाशीय प्रतिमांसाठी ‘बीम’ आणि रडार प्रतिमांसाठी ‘नेस्ट’ अशी निराळी साधने होती. स्नॅपमध्ये ही कामे एका छताखाली आली : एकाच पट्टीवर ‘ऑप्टिकल’ हा मेन्यू आहे आणि ‘रडार’ हाही आहे. त्यांच्याखालील ओळी वेगवेगळ्या साधनपेट्यांच्या मॉड्यूलांनी घातलेल्या आहेत.

येथे एक सुज्ञ विभागणी आढळते. प्रतिमेवर गणित करणारा भाग ‘क्रियाकारक’ म्हणून निराळा लिहिला जातो. त्याला कोणती मूल्ये लागतात हे त्याच्यातच टिपणचिन्हांनी नोंदलेले असते. मेन्यूची नोंद फक्त त्या क्रियाकारकाचे नाव घेते. ओळीवर टिचकी पडली की मूल्ये विचारणारी खिडकी त्या टिपणचिन्हांवरून आपोआप तयार होऊ शकते. ती लेखकाला हाताने रचावी लागत नाही. इतकेच नव्हे, तर तोच क्रियाकारक मेन्यू नसलेल्या, पडदाही नसलेल्या दूरच्या संगणकावर लेखी आज्ञेने चालविता येतो. मेन्यूतील ओळ हे दार आहे, दालन नव्हे. ज्याने आपले सर्व काम दारातच रचून ठेवले, त्याचे काम दुसऱ्या कोणत्याही वाटेने वापरता येत नाही.

सेंटिनेल-1 मालिकेतील पहिला उपग्रह 2014 च्या एप्रिलमध्ये सोडण्यात आला. त्याचे रडार ढगांच्या आवरणातून जमीन पाहू शकते आणि सेंटिनेलच्या प्रतिमा कोणालाही विनामूल्य मिळतात. ब्रह्मपुत्रेचे खोरे असो, 2018 चा केरळातील महापूर असो की 2019 च्या ऑगस्टमधील सांगली-कोल्हापूरचा, पाणी चढते तेव्हा आकाश ढगाळलेले असते. अशा वेळी पाणी कोठवर पसरले आहे हे रडारच्या प्रतिमेवरून काढण्याची एखादी रीत, तेथील माती, पिके आणि नदीची वळणे ओळखणारी रीत, एखाद्या विद्यापीठातील विद्यार्थ्याने शोधली असे समजू. जुन्या व्यवस्थेत ती त्याच्या प्रबंधात राहिली असती, किंवा फार तर त्याच्या स्वतःच्या संगणकात. मॉड्यूलबद्ध व्यवस्थेत ती एक मॉड्यूल होऊन दुसऱ्या जिल्ह्यातील अभ्यासकाच्या मेन्यूत, संस्थेच्या स्वतःच्या आज्ञांच्या पंक्तीत येऊन बसू शकते. त्यासाठी कोणा केंद्रीय कार्यालयाची अनुमती लागत नाही. एका ओळीचे महत्त्व असे आहे.

परंतु अनुमतीची आवश्यकता नसली म्हणजे मर्यादेचीही नसते, असे नव्हे. प्रत्येक मॉड्यूलाने वरच्या पट्टीवर आपल्या नावाचे स्वतंत्र शीर्षक मांडले, तर ती पट्टी लवकरच पडद्याच्या पलीकडे जाईल आणि वापरणाऱ्याला काहीच सापडणार नाही. आपल्या कामाच्या स्वरूपावरून जागा शोधावी, आपल्या नावावरून नव्हे. नेटबीन्समध्ये दुसऱ्या मॉड्यूलाची ओळ झाकून टाकण्याची सोयही आहे. संपूर्ण आज्ञावली जुळवून देणाऱ्याला तिचा उपयोग होतो. केवळ भर घालणाऱ्या पाहुण्याने ती वापरणे अनुचित होय.

आणखी एक चूक नवख्यांकडून हमखास घडते. जावाच्या स्विंगमध्ये पडदा रंगविण्याचे आणि टिचक्या ऐकण्याचे काम एकच धागा करतो. मेन्यूच्या टिचकीनंतर दहा मिनिटांचे गणित त्याच धाग्यावर सुरू केले, तर दहा मिनिटे संपूर्ण खिडकी गोठून राहते. इतर सर्व मॉड्यूलांच्या आज्ञाही त्याबरोबर थांबतात. दीर्घ काम निराळ्या धाग्यावर सोपवावे, त्याची प्रगती दाखवावी आणि ते थांबविण्याची सोय ठेवावी.

यजमानाचीही जबाबदारी आहे. त्याने जी ठिकाणे जाहीर केली, त्यांच्या भरवशावर दूरदूरचे लोक आपली वर्षे खर्ची घालतात. म्हणून मॉड्यूल आपल्यातील कोणता भाग सार्वजनिक आणि कोणता खासगी हे स्पष्ट सांगते. पाहुणा आपल्याला कोणते मॉड्यूल, कोणत्या आवृत्तीपासून हवे हे लिहून देतो. जे सार्वजनिक म्हटले ते सहसा मोडावयाचे नाही. एक्लिप्सची अंतर्गत रचना 2012 पर्यंत पुष्कळशी बदलली. पण जुन्या घटकांसाठी अनुकूलतेचा एक थर राखण्यात आला आणि त्यामुळे त्यांपैकी बहुसंख्य चालू राहिले. याउलट, 2017 मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीत भाषेलाच मॉड्यूलांची व्यवस्था मिळाली आणि पुढील आवृत्त्यांत खासगी भागांची दारे क्रमाक्रमाने बंद होत गेली, तेव्हा ज्यांनी त्या दारांतून ये-जा चालविली होती त्यांना आपल्या आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागल्या. वचन नसलेल्या गोष्टीवर विसंबण्याची ती किंमत होती.

शेवटी, ओळीच्या नावाविषयी. मेन्यूतील शब्द कार्यक्रमात थेट लिहीत नाहीत. ते भाषावार वेगळ्या फाइलींत ठेवतात. मराठीची फाइल जोडली आणि वापरणाऱ्याची भाषा मराठी असली, तर ‘ओपन’ च्या जागी ‘उघडा’ दिसू शकते, मूळ वर्गाला स्पर्श न करता. मात्र नवव्या आवृत्तीपूर्वी या फाइली लॅटिन लिपीच्या संकेतातच वाचल्या जात. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह चार अंकी संकेताने लिहावे लागे; ‘उघडा’ या लहानशा शब्दासाठी असे चार संकेत. भाषांतर करणाऱ्याला स्वतःचे लिखाण डोळ्यांनी वाचता येत नसे. आता ते सरळ देवनागरीत लिहिता येते. भाषांतर हीसुद्धा मेन्यूतील भरच आहे, आणि ती घालण्यासाठी मूळ निर्मात्याला मराठी येण्याची आवश्यकता नाही.

मोठी आज्ञावली किती आज्ञा जाणते, यावरून तिची थोरवी मोजण्याची प्रथा आहे. निर्मात्याला ज्यांची कल्पनाही नव्हती, अशा किती आज्ञांना तिने जागा दिली, हे मोजणे अधिक योग्य ठरेल. ती जागा यजमानाच्या औदार्याने जशी मिळते, तशीच पाहुण्याच्या संयमानेही टिकते. 100 आणि 200 यांच्यामध्ये बसणाऱ्याने 101 घेऊन वाट अडवू नये. 150 घ्यावा, म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्याला दोन्ही बाजूंना जागा राहील.